मागे ट्रेलर लावला की डिझेल जातं कुठे? नागपूर ते भामरागड, एका पिकअपचा हिशेब

आजच्या विषयाचं नाव वाचून परवा एकाने आम्हाला विचारलं, "चंद्रपूर-गडचिरोलीत कॅम्पर ट्रेलर ओढणारे आहेत तरी किती?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे 'कॅम्पर' म्हटलं की बोलेरो कॅम्परच डोळ्यांपुढे येते. दोन रांगा माणसं, मागे हौदा, हौद्यात सिमेंट नाहीतर शेळ्या. आणि 'मागे काहीतरी ओढायचं' म्हटलं की ट्रॅक्टरची ट्रॉली. घरासारखा ट्रेलर पिकअपच्या मागे लावून फिरणारे थोडे आहेत, पण आता दिसू लागले आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात ओढून न्यायच्या कॅम्पर ट्रेलरचाही समावेश आहे. ताडोब्याला येणाऱ्यांपैकी काही जण आता मुक्काम सोबतच घेऊन येतात.

पण आजचा विषय निवडण्याचं खरं कारण वेगळं आहे. ट्रेलरला जो नियम लागू, तोच धानाच्या ट्रॉलीला आणि तेंदूच्या बोदांनी भरलेल्या पिकअपलाही लागू. आपल्या दोन जिल्ह्यांत डिझेलचा खर्च हा हौसेचा प्रश्न नाही. भाड्यातून सुटणारे पैसे आणि डिझेलला लागणारे पैसे यांत पिकअपवाल्याचं पोट असतं. म्हणून सुरुवात हौसेपासून करू आणि धानापर्यंत जाऊ.

आधी आमची फजिती सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही एका मित्राचा ट्रेलर मागून आणला. पत्र्याचा, आत उभं राहता येईल असा, जमिनीपासून आठेक फूट उंच. वजन सामानासकट एक टन. आमची पिकअप माणसं-सामान धरून बावीसशे किलो. एरवी लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. नागपुरात टाकी काठोकाठ भरली, बुटीबोरी, जाम, वरोरा, भद्रावती करत चंद्रपूर गाठलं. सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता झकास, गाडी नव्वद-पंचाण्णवच्या खाली आलीच नाही. चंद्रपुरात पुन्हा काठोकाठ भरली आणि भागाकार केला. लिटरला साडेसात.

आम्ही घाबरलो. पुढे मोहर्लीला मुक्काम, मग मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, शेवटी भामरागड. चांगल्या रस्त्यावर साडेसात, तर जंगलातल्या रस्त्यावर किती? पाच? एका गॅरेजमध्ये गेलो. तिथे निदान झालं की इंजेक्टर खराब आहेत. ते उतरवले, साफ केले, बसवले. अर्धा दिवस आणि काही हजार रुपये गेले. मग पुढे निघालो, आलापल्लीपासून भामरागडला जाऊन परत आलो आणि हिशेब केला, तर लिटरला दहा! आम्ही खुशीत गॅरेजवाल्याला फोन करून आभार मानले.

परतीला चंद्रपूर ते नागपूर. पुन्हा महामार्ग, पुन्हा पंचाण्णव. नागपुरात भागाकार केला, तर पुन्हा साडेसात.

म्हणजे गाडी तीच, ट्रेलर तोच, चालवणारे तेच. उत्तम रस्त्यावर ॲव्हरेज पडतं आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर सुधारतं. इंजेक्टरचा काही संबंधच नव्हता. या कोड्याचं उत्तर म्हणजेच आजचं व्याख्यान.

ओढ म्हणजे काय

इथे बसलेल्या ज्यांनी बंडी हाकली आहे, त्यांना हे शिकवायची गरज नाही. बैल बंडीचं वजन उचलत नाहीत, ते फक्त ओढतात. बंडीत दहा क्विंटल माल असला तरी बैलांच्या खांद्यावर दहा क्विंटलांची ओढ येत नाही. मधे ताणकाटा अडकवला तर कळेल की सपाट, कडक रस्त्यावर ओढ वजनाच्या मानाने अगदी थोडी असते. साधारण मध्यम बैलजोडी दिवसभर न थकता साठेक किलोची ओढ लावू शकते. हा साठ किलोचा आकडा लक्षात ठेवा. आज आपण तेच माप वापरणार आहोत, 'एक बैलजोडी'.

गाडीला ओढ लागते ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी. पहिली रस्त्यासाठी. टायर दबतो, पुन्हा फुगतो, त्यात शक्ती खर्च होते. चांगल्या डांबरी रस्त्यावर दर टनाला सुमारे बारा किलो ओढ. खडबडीत, उखडलेल्या डांबरावर अठरा-वीस. मुरूम-गिट्टीवर पंचवीस-तीस. ओल्या मातीत, रेतीत साठ, शंभर, त्याहूनही जास्त. गंमत अशी की ही ओढ वेगावर फारशी अवलंबून नसते. ती वजनावर आणि रस्त्यावर असते.

दुसरी ओढ हवेसाठी. हवा दिसत नाही म्हणून आपण ती धरत नाही. पण गाडीला समोरची हवा बाजूला सारावीच लागते, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट केला तर हवेची ओढ चौपट. हिला वजनाशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त तुमच्या गाडीचं तोंड केवढं आणि आकार कसा, एवढंच कळतं.

आता आकडे मांडू. हे गणिताने काढलेले ढोबळ आकडे आहेत, प्रत्येक गाडीचे थोडे वेगळे येतील. आमची पिकअप एकटी, ताशी ऐंशी, चांगला डांबरी रस्ता: रस्त्याची ओढ २६ किलो, हवेची ३५. बेरीज ६१. म्हणजे बरोबर एक बैलजोडी! फरक इतकाच की खरी जोडी हे काम ताशी तीन किलोमीटरने करते.

मागे ट्रेलर लावला. वजन एक टनाने वाढलं, रस्त्याची ओढ २६ वरून ३८ झाली. बस, बाराच किलो वाढली. पण हवेची ओढ ३५ वरून ७० झाली. का? ट्रेलरचं तोंड पिकअपच्या छतापेक्षा दोन फूट वर डोकावतं. पिकअपने बाजूला सारलेली हवा मधल्या फटीत घुसते, भोवरे करते, आणि ट्रेलरच्या सपाट पत्र्यावर जाऊन आपटते. मागची बाजूही सपाट, तिथे पुन्हा भोवरे. एकूण ओढ १०८. आता जवळजवळ दोन बैलजोड्या लागल्या.

म्हणजे ट्रेलरमुळे जी ४७ किलो ओढ वाढली, त्यातली ३५ हवेची आहे. आणि लोक काय करतात? ट्रेलरमधून गादी काढ, स्टोव्ह काढ, पाण्याचा ड्रम रिकामा कर. चोर एकीकडे आणि पहारा दुसरीकडे.

ओढीवरून लिटर

ओढीवरून डिझेल काढायचा एक सोपा ठोकताळा देतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा असते. त्यातली बहुतेक रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचते साधारण पाव ते तीस टक्के. आपण एक कोटी धरू. आता दहा किलोची ओढ शंभर किलोमीटर लावली, तर काम बरोबर एक कोटी ज्यूलच्या आसपास होतं. म्हणून नियम असा: दर दहा किलो ओढीला शंभर किलोमीटरला एक लिटर. हा वहीत लिहून ठेवा, पुढचं सगळं यावरच चालेल.

ट्रेलरसकट ताशी ऐंशीला १०८ किलो ओढ, म्हणजे शंभराला १०.८ लिटर, लिटरला सव्वानऊ. साठच्या वेगाला हवेची ओढ ७० वरून ३९ वर येते. एकूण ७७. लिटरला तेरा. पंचाण्णवला हवेची ओढ ९८, एकूण १३६. लिटरला सव्वासात-साडेसात. हे बघा आमचं चंद्रपूरचं ॲव्हरेज! इंजेक्टरवाल्याला दिलेले पैसे या एका भागाकाराने वाचले असते.

आणि भामरागडच्या वाटेवर? वेग चाळीस. हवेची ओढ फक्त १७. रस्ता उखडलेला म्हणून रस्त्याची ओढ ३८ ऐवजी ५८. एकूण ७५, म्हणजे शंभराला साडेसात लिटर. त्यात चढ, वळणं, थांबणं, एसी यांचे अडीच लिटर मिळवा, झाले दहा लिटर, म्हणजे लिटरला दहा किलोमीटर. रस्ता खराब होता हे खरं, पण त्याने आम्हाला सावकाश चालवायला लावलं, आणि सावकाशीने जे वाचलं ते खड्ड्यांनी खाल्लेल्यापेक्षा जास्त होतं.

एक खुलासा. या ठोकताळ्याने एकटी पिकअप ऐंशीला लिटरमागे सोळा देते असं येईल, प्रत्यक्षात बारा-तेराच देते. कारण इंजिन अगदी हलक्या भारावर चालताना कमी कार्यक्षम असतं, स्वतःला फिरवण्यातच बरंच जळतं. चांगला भार असला की ते नेटाने काम करतं. त्यामुळे ठोकताळा ट्रेलरसकटच्या गाडीला जास्त जुळतो.

आता वेळेचा सौदा बघा. नागपूर ते चंद्रपूर दीडशे किलोमीटर. शंभरच्या वेगाने दीड तास, डिझेल बावीस लिटर. ऐंशीने सुमारे एक तास बावन्न मिनिटं, सोळा लिटर. साठने अडीच तास, साडेअकरा लिटर. म्हणजे शंभरवरून ऐंशीवर आलात तर बावीस मिनिटांचे सहा लिटर मिळतात. जाम चौरस्त्यावर चहाला आपण तेवढी मिनिटं सहज घालवतो. साठवर या असं आम्ही म्हणणार नाही. महामार्गावर मागून ट्रक अंगावर येतात, तो वेगळा धोका. ट्रेलर मागे असताना सत्तर ते पंचाहत्तर हा आम्हाला मधला मार्ग वाटतो. शिवाय वेग वाढला की ट्रेलर शेपटासारखा हलायला लागतो. एकदा तो झुलायला लागला की ब्रेक दाबून थांबत नाही, हळूच ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. ते डिझेलपेक्षा महत्त्वाचं.

ही काही नवी अक्कल नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७४ च्या जानेवारीत देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची मर्यादा कायद्याने आणली, ती तेल वाचवण्यासाठीच. आपल्याकडे १९७८ मध्ये स्थापन झालेली पीसीआरए, पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था, ताशी ४५ ते ५५ चा वेग सांगत आली आहे. पेट्रोल पंपावरचे ते फलक आपण पैसे देताना वाचतो आणि बाहेर पडताना विसरतो.

ट्रेलर घ्यायचाच असेल तर वजनाआधी उंची बघा. घडीचा ट्रेलर असतो, मुक्कामाला उघडून त्याचा तंबू होतो, चालताना तो पिकअपच्या छताखाली राहतो. तो गाडीच्या आडोशाला लपतो, हवेला वेगळं तोंड दाखवत नाही. ऐंशीच्या वेगाला त्याची हवेची ओढ उंच ट्रेलरपेक्षा पंचवीस-सत्तावीस किलोने कमी येऊ शकते. म्हणजे शंभराला अडीच लिटरहून जास्त बचत. इतकी बचत वजन कमी करून हवी असेल तर दोन टनांहून जास्त उतरवावं लागेल, आणि आमचा ट्रेलर मुळात एकच टनाचा होता!

जंगलात हिशेब उलटा

आतापर्यंत हवेला शिव्या दिल्या. आता महामार्ग सोडा. चंद्रपूरहून मूलकडे निघा, किंवा आष्टीहून आलापल्लीला. गावागणिक गतिरोधक, मधेच रस्त्यात गुरं, वळणावर सांबर-रानडुक्कर. इथे वेग चाळीस-पन्नास. इथे हवा गरीब बिचारी, आणि वजन मालक.

सव्वातीन टनांच्या आसपासचं धूड साठच्या वेगाने चाललं आहे. त्या वेगाला त्यात जी शक्ती साठलेली असते ती तुम्ही डिझेल जाळून भरलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन उडते. आमच्या गाडी-ट्रेलरचा हिशेब केला तर साठवरून पूर्ण थांबणं आणि पुन्हा साठ गाठणं, याला सुमारे ४५ मिलिलिटर. कटिंग चहाच्या पेल्याहून थोडं कमी. चाळीसवरून थांबलात तर वीस मिलिलिटर. पंचवीस गतिरोधकांवर साठने जाऊन करकचून ब्रेक मारलेत तर एक लिटरच्या वर डिझेल रस्त्यावर ओतलंत. तेच लांबून गतिरोधक दिसला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, गाडी आपोआप मंदावू दिली, तर यातलं बरंच वाचतं. जुने एसटी ड्रायव्हर बघा, त्यांचा ब्रेक-लाइट क्वचित पेटतो.

चढाचंही तसंच. शंभर मीटर उंची चढायला आमच्या गाडी-ट्रेलरला ३०० मिलिलिटरच्या वर डिझेल लागतं. कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट लागतो. तिथे चढताना लागलेलं डिझेल उतरताना परत मिळावं म्हणून बरेच जण गाडी न्यूट्रल करतात. आम्ही हात जोडून सांगतो, करू नका. एक तर त्याने डिझेल वाचत नाही. आजची डिझेल इंजिनं उताराला गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सुटलेला असताना इंधनाचा फवारा बंदच करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. आणि दुसरं म्हणजे मागे एक टनाचा ट्रेलर तुम्हाला ढकलतो आहे. इंजिनाचा आवर सुटला की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा.

एसीबद्दल. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा एसी बंद करा असं सांगणारा माणूस घरीच बसलेला असणार. पण गंमत बघा. एसी इंजिनाकडून अडीचेक किलोवॉट घेतो, गाडी पळो की रांगो. ऐंशीच्या वेगाला तो शंभर किलोमीटरला एक लिटरच्या आसपास पडतो. तीसच्या वेगाला तोच तीन लिटर! कारण ते शंभर किलोमीटर कापायला तास जास्त लागतात. म्हणून महामार्गावर काचा बंद आणि एसी चालू, हे ठीक. जंगलात सकाळच्या गारव्यात, सावकाश चालताना काचा खाली. तसंही साग-बांबूच्या त्या वासासाठीच तर गेलेलो असतो. आणि झाडाखाली थांबलात तर इंजिन बंद करा. एसीसकट नुसतं उभं राहायला तासाला लिटरभर जातं.

टायरची हवा थंड टायरमध्ये, सकाळी निघतानाच तपासा, ट्रेलरच्या टायरांचीही. ते लोक विसरतातच. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त ओढ मागतो आणि विदर्भाच्या उन्हात तापून फुटतो. रेतीतून निघायचं असेल तर हवा थोडी कमी करणं उपयोगी पडतं, पण डांबरावर आलात की पुन्हा भरायची.

धानाची ट्रॉली

आता ज्यासाठी थांबलात तिथे येऊ. समजा आरमोरी-वडसा भागातला शेतकरी वीस किलोमीटरवरच्या खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलवर धान नेतो. ट्रॅक्टर दोन टन, रिकामी ट्रॉली दीड टन, धान चाळीस क्विंटल. एकूण साडेसात टन. वेग वीस, म्हणजे हवा विसरा. ट्रॅक्टरचे नक्षीदार टायर रस्त्यावर जास्त ओढ मागतात, टनाला पंचवीस किलो धरू. ओढ झाली १८८ किलो, तीन बैलजोड्यांच्या वर. वीस किलोमीटरला पावणेचार लिटर. परत रिकामी येताना पावणेदोन. एकूण साडेपाच लिटर, क्विंटलला सुमारे १४० मिलिलिटर.

इथे 'लिटरला किती किलोमीटर' हा प्रश्नच चुकीचा ठरतो, बघा. हाच शेतकरी वीसच क्विंटल घेऊन गेला तर ट्रॅक्टरचं ॲव्हरेज चांगलं येईल, तो खूश होईल. पण जायला पावणेतीन आणि यायला पावणेदोन, साडेचार लिटर, तेही निम्म्या मालासाठी. क्विंटलला २२५ मिलिलिटर. ॲव्हरेज सुधारलं आणि खर्च दीडपटीच्या वर गेला. म्हणून मोजायचं ते क्विंटलमागे. शेजारच्या दोघांचे वीस-वीस क्विंटल असतील आणि दोघांनी मिळून एक ट्रॉली भरली, तर दोन फेऱ्यांचे नऊ लिटर लागायचे तिथे साडेपाच लागतील. साडेतीन लिटर दर फेरीला वाचले. दोघांचं बोलणं चालू असलं पाहिजे एवढंच.

पण पूर्ण भरा म्हणजे ट्रॉलीच्या क्षमतेइतकी. कट्ट्यांचा डोंगर नको. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, सगळं ट्रॅक्टरला थांबवावं लागतं. आणि मागे रिफ्लेक्टर लावा. अंधारात उभ्या ट्रॉलीवर मोटरसायकल आदळल्याच्या बातम्या आपण दर हंगामात वाचतो.

बांधीतून रस्त्यापर्यंतचं अंतर मात्र महाग. ओल्या मातीत टनाला शंभर किलो ओढ धरली तर साडेसात टनांना ७५० किलो. नुसतं अर्धा किलोमीटर पांदणीतून काढायला जे डिझेल लागतं, त्यात डांबरावर दोन किलोमीटर जाता येतं. चाकं जागेवर फिरली तर आणखी. पांदण रस्त्यावर मुरूम पडणं म्हणजे काय, हे या आकड्यात दिसतं.

तेंदू आणि बांबू यांचं उलट. माल हलका पण अघळपघळ. फळीवरून गोदामाकडे निघालेली पिकअप बघा, बोदांची रास केबिनच्या वर हात-दीड हात. मेंढा-लेखासारख्या ग्रामसभांना बांबू विकण्याचा हक्क मिळाला, आता वाहतुकीचा खर्चही गावाच्याच हिशेबात येतो. अशा मालाला वजनाची भीती नाही, हवेची आहे. माल पसरून केबिनच्या उंचीच्या आसपास ठेवता आला तर ठेवा, ताडपत्री ताणून बांधा. फडफडणारी ताडपत्री हवेत डिझेल झटकते. आणि वेग पन्नास-पंचावन्न.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: ट्रेलरमधली पाण्याची टाकी निघताना रिकामी ठेवावी का?

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. चांगल्या रस्त्यावर शंभर किलोमीटरला सव्वाशे मिलिलिटरसुद्धा डिझेल नाही. पाणी सोबत ठेवा. फक्त टाकी अर्धवट भरलेली असेल तर पाणी हिंदकळतं, ट्रेलर झुलतो. भरलेली किंवा रिकामी. आणि सामान ठेवताना ट्रेलरचा थोडा भार पुढे, हुकवर यायला हवा, साधारण दहावा हिस्सा. मागे जड झाला की झुलणं आलंच.

प्रश्न: चढावर पाचव्या गिअरमध्येच दाबत राहिलं तर डिझेल वाचतं ना?

नाही भाऊ. इंजिन घरघरायला लागलं, पाय पूर्ण दाबूनही वेग पडतोय, म्हणजे ते गुदमरतंय. एक गिअर खाली घ्या. बहुतेक डिझेल पिकअपची इंजिनं दीड ते दोन हजार फेऱ्यांच्या दरम्यान खुशीत असतात. ट्रेलर असेल तर महामार्गावरही बारीक चढाला चौथा लागेल, त्यात कमीपणा नाही.

प्रश्न: ॲव्हरेज मोजायचं कसं? मीटरवर दिसतं ते खरं का?

मीटर अंदाज सांगतो. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा त्याच पंपावर काठोकाठ भरा, भागाकार करा. पण एक आकडा काढून थांबू नका. महामार्गाचा वेगळा, जंगलाचा वेगळा लिहा. आम्ही दोन्ही एकत्र केले असते तर आठ-नऊ आलं असतं आणि इंजेक्टर सुधारल्याचा भ्रम कायमचा राहिला असता.

प्रश्न: सर, आम्ही चौघं डिसेंबरात ट्रेलर घेऊन आलापल्लीहून भामरागडला जातोय. किती डिझेल धरावं?

जाऊन-येऊन सुमारे एकशेतीस किलोमीटर. हिशेबाने तेरा लिटर. आम्ही पंचवीस धरतो. मधे वाट चुकते, हेमलकशाला वळावंसं वाटतं, कुठेतरी रस्त्याचं काम चालू असतं. आलापल्लीत टाकी भरूनच निघा, पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. आणि पावसाळ्यात जायचं ठरलं तर ट्रेलर आलापल्लीतच सोडा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट वर्षानुवर्षे बंद होत आली आहे, आणि अरुंद रस्त्यावर ट्रेलर मागे घेऊन वळवायला लागलात तर ते डिझेल आमच्या ठोकताळ्यात बसत नाही.